पाकिटामागचा पत्ता

दत्ताचं ते पत्र दोन हजार एकवीसच्या नऊ जानेवारीला लेस्टरहून निघालं आणि जर्मनीत एर्लांगेनला पोचायला त्याला तेवीस दिवस लागले. नरेंद्ररावांना या तारखा पाठ होत्या. खरं तर पत्रच पाठ होतं. चार पानं, निळी शाई, आणि दत्ताचं ते पुढे पळणारं अक्षर.

'दादा, आमच्या पाकिटावर लेस्टरचा पत्ता असतो. इंग्लंड बाहेर पडलं, त्यामुळे एक तारखेपासून तो पत्ता युरोपात चालत नाही. तिथे राहणाऱ्या कुणाचं तरी नाव छापावं लागतं, मालाची जबाबदारी घेणारं. तुझं छापू का? पुढच्या बाजूला आईचं नाव आहेच, मागच्या बाजूला तुझं. विचार करून कळव. घाई नाही.'

शेवटचे दोन शब्द दत्तानं लिहायला नको होते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. दत्ताच्या 'मालती मसाले'च्या पाकिटामागे नाव छापायचं की नाही, याचा विचार नरेंद्रराव चार वर्षं आणि चार महिने करत होते. उत्तर गेलं नव्हतं.

मधल्या काळात दोघं भाऊ फोनवर बोलत नव्हते असं नाही. पाडव्याला बोलत, दिवाळीला बोलत, गुडघ्यांची विचारपूस होई. पण पत्रातला विषय फोनवर निघत नसे. कऱ्हाडच्या कोर्टात नाझर असलेल्या वडिलांचा, अण्णांचा, तसा दंडकच होता. 'तोंडचं वाऱ्यावर जातं, कागदावरचं घरात राहतं' असं ते म्हणत. कागदावर विचारलेल्या गोष्टीला कागदावरच उत्तर द्यायचं, तोवर तोंड उघडायचं नाही. अण्णांना जाऊन तीस वर्षं झाली तरी देवस्थळ्यांच्या दोन्ही मुलांनी तो दंडक मोडला नव्हता. एकानं उत्तर दिलं नाही, दुसऱ्यानं विचारलं नाही.

आणि आज दत्ता येत होता. त्याच्या मुलीचं, निधीचं, ऑगस्टमध्ये लग्न होतं आणि नरेंद्ररावांच्या बायकोनं, चारुलतानं, हट्टानं तिचं केळवण एर्लांगेनला ठेवलं होतं. न्यूर्नबर्गहून येणारी गाडी चार मिनिटं उशिरा होती. प्लॅटफॉर्मवर उभे राहून नरेंद्ररावांनी पहिलं वाक्य मनात जुळवून ठेवलं, 'प्रवास ठीक झाला ना?' आणि ते फार कोरडं वाटतं म्हणून पुन्हा मोडलं.

दुसरं जुळेपर्यंत गाडी आली.

"काढून घेतलं!" दत्ताची बायको सरिता खाली उतरता उतरताच म्हणाली. "भावोजी, माझं श्रीखंड काढून घेतलं हो मेल्यांनी!"

"कुणी?"

"कस्टमवाल्यांनी, विमानतळावर," तिच्यामागून दोन बॅगा ओढत दत्ता उतरला. अडुसष्टाव्या वर्षीही त्याचे केस काळेभोर होते आणि ते खरे होते. "तीन डबे. शिवाय तुपाची बरणी."

"काका, तो ऑफिसर अगदी पोलाइट होता," निधी हसू दाबत म्हणाली. "त्यानं विचारलं, दूध, चीज, असलं काही आहे का? आई म्हणाली, नो चीज, ओन्ली श्रीखंड. मग त्यानं डबा उघडून विचारलं, हे कशाचं करतात? आणि आईनं त्याला पूर्ण रेसिपी सांगितली. दही टांगण्यापासून!"

"खोटं कशाला बोलू?" सरिता म्हणाली. "आणि हे बघा ना! हा माणूस चार वर्षं दुधा-तुपाच्या दाखल्यांसाठी रोज डोकं फोडून घेतोय, आणि आपल्या बायकोच्या बॅगेत काय आहे ते याला कळत नाही."

"अगं, केळवणाचं श्रीखंड म्हणजे काय माल आहे? माझ्या डोक्यातच आलं नाही."

"प्रवाशाच्या सामानालाही तोच नियम आहे," नरेंद्रराव बोलून गेले. "इंग्लंडहून येताना दुधाचं काहीही आणता येत नाही, स्वतःच्या खाण्यापुरतंसुद्धा. तान्ह्या मुलाची पावडर तेवढी चालते, दोन किलोपर्यंत, आणि तीही फ्रिजमध्ये ठेवायची नसेल तरच..."

ते थांबले. दत्ता त्यांच्याकडे बघत होता.

"तुला बरं माहीत?"

"वाचण्यात आलं होतं," नरेंद्रराव म्हणाले आणि लहानात लहान बॅग उचलून पुढे चालू लागले.

घरी स्वयंपाकघरात वेगळंच चाललं होतं. दोघी जावांचं बोलणं गोड होतं, पण ते पाहुण्यांशी बोलावं तसं गोड. 'बस ना', 'नको, ठीक आहे', 'पाणी देऊ?', 'आत्ताच प्यायले'. नरेंद्रराव बाहेरच्या खोलीत ताटं मांडत होते आणि त्यांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता. पूर्वी या दोघी फोनवर बोलायला लागल्या की भाजी करपायची. हे असं कधीपासून झालं, हेही त्यांना ठाऊक होतं. का झालं, ते मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळेल अशी भीती होती.

"केळवणाला श्रीखंड नाही म्हणजे..." सरिताचा आवाज आला.

"नाही कसं? शर्वाणी, फ्रिजमधून क्वार्कचे चार डबे काढ."

शर्वाणी, त्यांची मुलगी, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनहून आदल्या दिवशीच आली होती. एका मोठ्या कंपनीत ती यंत्रांच्या सुट्या भागांची तपासणी करायची आणि घरातल्या माणसांचीही करायची.

"हे काय, दही?" सरितानं विचारलं.

"इथला चक्काच समज. तुमच्यासारखा रात्रभर टांगत बसायला नको. पंचा काढ गं, तासभर दाबून ठेवू. यानं इथल्या सगळ्या मराठी बायकांची अब्रू राखली आहे."

"आंबट नाही हे, वहिनी."

"मग लिंबू पिळ थोडं."

"श्रीखंडात लिंबू?" सरिता हादरली. मग चमचा वाजला, आणि मग तिचा हलका झालेला आवाज आला. "माझ्या पर्समध्ये केशर आहे. त्याला कस्टमवाल्यांनी हात नाही लावला."

ताटं मांडता मांडता नरेंद्ररावांना हसू आलं. केशर वनस्पतीचं. त्याला कसा लावतील हात?

निधीच्या पाटाभोवती, म्हणजे खुर्चीभोवती, चारुलतानं रांगोळी काढली होती. तिला ओवाळलं, ओटी भरली, साडी हातात ठेवली. मसालेभात, अळूवड्या, पुऱ्या, आणि क्वार्कचं केशरी श्रीखंड. शर्वाणीनं फर्मान काढलं की नाव घेतल्याशिवाय घास नाही. निधीनं दोन मिनिटं छताकडे बघितलं आणि म्हणाली,

"श्रीखंड अडवलं कस्टमनं, अडवलं तूप-लोणी,
रुपेशला माझ्यापासून अडवू शकत नाही कोणी!"

दत्तानं टेबलावर थाप मारली तेव्हा वाट्या उडाल्या. लेस्टरमध्ये जन्मलेल्या मुलीनं जागच्या जागी रचलेला उखाणा! सरितानं डोळे पुसले. पहिली पंगत अशी हसत हसत अर्धी झाली आणि मग दत्तानं पुरीचा तुकडा ताटात ठेवला.

"बरं झालं सगळे आहात. सांगून टाकतो. निधीचं लग्न झालं की मी मोकळा. कारखाना विकतोय. एक मोठी कंपनी घेतेय, सोमवारी सही."

 सरिता ताटाकडे बघत होती, म्हणजे तिला माहीत होतं. निधीचा चेहरा पडला, म्हणजे तिलाही माहीत होतं, पण वेगळ्या तऱ्हेनं.

"आल्झो, म्हणजे काका, असं एकदम?" शर्वाणी म्हणाली.

"एकदम कुठे? चार वर्षं चाललंय. पूर्वी गुरुवारी पाकिटं भरली की शनिवारी स्टुटगार्टच्या दुकानात. मधे कुणी विचारत नव्हतं. आता एका खोक्यामागे एक फाइल. मागच्या वर्षी आमचे खोके एका मोठ्या ट्रकमध्ये होते, त्यात दहाजणांचा माल. त्यातल्या एका चीजवाल्याच्या कागदावर शिक्का चुकला, तर आमचा गोडा मसाला फ्रान्समध्ये कॅलेच्या बंदरात अकरा दिवस उभा! मसाल्याचा काय गुन्हा? आणि पाकिटावर नाव लागतं ना युरोपातलं, ते हॉलंडचा एक एजंट देत होता. तो म्हणतो, जुलैपासून लहान गिऱ्हाइकं बंद. आता नावच नाही, तर पाकीट जाणार कसं? जर्मनी गेलं की अर्धा कारखाना गेला."

"माणसं किती आहेत आता?"

"सव्वीस होती. अकरा राहिलीत. रुमानियाच्या बायका होत्या पाच, पापड काय लाटायच्या! परत गेल्या. डोरीन आहे अजून, बावीस वर्षांपासूनची. तिनं बाहेर पडायला मत दिलं होतं. आता तीच कस्टमचे फॉर्म भरते आणि प्रत्येक फॉर्म माझ्यासमोर ठेवताना 'सॉरी, बॉस' म्हणते."

"तिला कशाला नावं ठेवता?" सरिता म्हणाली. "तुम्ही कुणाला मत दिलं होतं ते सांगा ना."

दत्ता मसालेभात चिवडू लागला.

"दिलं होतं. मीही बाहेर पडायलाच दिलं होतं. दादाला फोनवर ऐटीत सांगितलंही होतं. ते लोक म्हणत होते, युरोपचे कमी झाले की भारतातून माणसं आणता येतील. मला वाटलं, कऱ्हाडहून पापडवाल्या येतील."

"आल्या का?" चारुलतानं विचारलं.

"पापडखारसुद्धा वेळेवर येत नाही, वहिनी."

शर्वाणी हसली, मग सगळेच हसले. दत्ताही हसला. पण हसू ओसरल्यावर तो नरेंद्ररावांकडे न बघता म्हणाला, "म्हणून दादानं पत्राला उत्तर दिलं नाही, त्याचं मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. बरोबरच होतं त्याचं. ज्यानं आपल्या हातानं दार लावून घेतलं, त्यानं पलीकडच्याला खिडकी उघड म्हणू नये. मला शिक्षा मिळाली, मी घेतली."

नरेंद्ररावांच्या हातातली अळूवडी हातातच राहिली. शिक्षा? शिक्षा देणं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. दत्तानं कुणाला मत दिलं हे ते विसरूनही गेले होते.

"थांबा," चारुलता म्हणाली. "कुठल्या पत्राला उत्तर दिलं नाही?"

"नाव छापू का म्हणून विचारलं होतं ना वहिनी, त्या."

चारुलता सावकाश वळली. "अहो, तुम्ही उत्तर दिलं नाहीत? मी विचारलं तेव्हा 'लिहितोय' म्हणालात."

"लिहीतच होतो," नरेंद्रराव म्हणाले.

"म्हणजे..." सरितानं वाटी खाली ठेवली. "वहिनी, म्हणजे तुम्ही नको म्हणाला नव्हतात?"

"मी? मी कशाला नको म्हणू? पत्र आलं त्या दिवशीच मी म्हटलं, हो म्हणून टाका, त्यात विचार कसला! आणि नंतर तुम्ही पाकिटावर त्या हॉलंडवाल्याचं नाव छापलंत, तेव्हा मला वाटलं तुलाच आमचं नाव नकोसं झालं."

"अहो, मला वाटलं तुम्ही मोडता घातलात! भावोजींच्या मनात असतं पण वहिनी करू देत नाहीत, असं मी माझ्या बहिणीला, आईला, सगळ्यांना सांगितलं. चार संक्रांती मी तुम्हाला तिळगूळ पाठवला नाही!"

"मला वाटलं, तो कस्टममध्ये अडकला असेल."

क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सरिताला जे हसू फुटलं ते थांबेना आणि चारुलतानं तिच्या पाठीवर धपाटे घालता घालता स्वतःच टेबलावर डोकं ठेवलं. चार वर्षांचा अबोला दोन मिनिटांत सुटला आणि लगेच दोघींनी मिळून मोर्चा वळवला.

"आणि हे दोघं भाऊ!" चारुलता म्हणाली. "एकाला वाटतं शिक्षा झाली, दुसरा म्हणतो लिहितोय."

"विचारायचं नाही, बोलायचं नाही," सरिता म्हणाली. "कसले पुरुष म्हणायचे हे, वहिनी!"

नरेंद्रराव उठले आणि आतल्या खोलीत गेले.

"गेला," मागे दत्ताचा आवाज आला. "लहानपणीही असाच. कुणी रागावलं की पुस्तकांच्या कपाटाआड."

आत नरेंद्रराव खरोखरच कपाटापुढे उभे होते. दार लोटून घ्यावं, आजारी पडावं, झोपी जावं, असं सगळं त्यांना एकदम वाटलं. त्यांनी खालच्या खणातून तीन जाडजूड फायली काढल्या. त्या एकावर एक ठेवून छातीशी धरल्या आणि बाहेर येऊन श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी ठेवल्या.

"हे काय?" दत्तानं विचारलं.

"तुझ्या पत्राचं उत्तर. म्हणजे... त्याची तयारी."

पहिल्या फायलीत युरोपचे खाद्यपदार्थांचे नियम होते, जर्मनमध्ये, आणि समासात पेन्सिलीनं मराठीत टिपणं. दुसरीत 'मालती मसाले'चे चौतीस पदार्थ आखून मांडलेले होते, प्रत्येकापुढे जिन्नस, आणि त्यापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका. शर्वाणीनं ती ओढून घेतली आणि दोन पानं उलटल्यावर तिचा चेहरा ऑफिसातल्यासारखा झाला.

"बाबा, गेनाऊ, अगदी याच कामासाठी आमच्याकडे एक अख्खं डिपार्टमेंट आहे! आणि हे तुम्ही एकट्यानं केलंत?"

"काका, शंकरपाळे हिरव्यात कसे?" निधी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "त्यात तूप आहे. एजंट म्हणाला, प्रत्येक खेपेला पशुवैद्याचा दाखला लागेल, म्हणून आम्ही दोन वर्षं बंद ठेवले."

"तूप मान्यताप्राप्त डेअरीचं हवं, ते तुमचं आहे. आणि पदार्थ टिकाऊ आहे, बाहेर राहतो. अशा पदार्थाला त्या दाखल्याऐवजी माल आणणाऱ्यानं सही केलेलं हमीपत्र पुरतं." नरेंद्रराव खाली बघून बोलत होते. "एजंटला लहान मालासाठी सही करायची नसेल. मी इथल्या कचेरीत तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर आलं. तरी वाटलं, चौथ्यांदा विचारून मग तुला कळवावं."

"तीनदा!" चारुलता म्हणाली. "माझ्याशी लग्न करायला हो म्हणायच्या आधी किती जणांना विचारलं होतंत?"

दत्तानं तिसरी फाइल उघडली होती. तिच्यात नुसती पत्रं होती, एकेचाळीस. प्रत्येकाची सुरुवात 'चि. दत्तास अनेक आशीर्वाद' आणि प्रत्येक कुठेतरी अर्ध्यावर तुटलेलं. त्यानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"'चि. दत्तास अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देण्यापूर्वी जबाबदारी या शब्दाने कायद्याला नेमकं काय अभिप्रेत आहे ते पाहणं उचित होईल.' संपलं. दुसरं. 'तुझं पत्र वाचून आनंद झाला. माझी हरकत नाही, तथापि.' तथापि नंतर काही नाही! वहिनी, बघा, तथापि, पूर्णविराम." तो पुढे उलटत गेला. एका पानावर थांबला आणि ते मात्र मोठ्यानं वाचलं नाही. नरेंद्ररावांना ते कुठलं असेल ते ठाऊक होतं. सव्विसावं. 'आईच्या नावामागे माझं नाव असावं, एवढी माझी लायकी आहे का, हे मला समजत नाही.'

दत्तानं चष्मा काढून पुसला.

"दादा, मी तुला कायदा विचारला नव्हता रे. नाव विचारलं होतं."

नरेंद्ररावांनी मान हलवली. मग त्यांनी जे सांगितलं ते चारुलतालाही माहीत नव्हतं.

"विद्यापीठाच्या ग्रंथालयात असताना आम्ही पोथ्यांची सूची छापली होती. एका पोथीपुढे माझ्याकडून भलत्याच माणसाचं नाव पडलं. सूची अजून आहे. खाली माझं नाव आहे. तेव्हापासून माझं नाव कुठे छापायचं म्हटलं की मी मागे सरतो. वाटतं, मला सगळं नीट कळलेलं नाही. काही चुकलं तर नुकसान तुझं."

"ती चूक कितीजणांनी बघितली?"

"एकानं. हायडलबर्गच्या एका प्राध्यापकानं. त्यानं पत्र लिहिलं होतं."

"मग तू काय उत्तर दिलंस?"

 नरेंद्ररावांनी फक्त वर बघितलं. आधी निधीला कळलं, मग शर्वाणीला, मग सगळं टेबल हसायला लागलं, आणि हसणाऱ्यांत आपणही आहोत हे नरेंद्ररावांच्या जरा वेळानं लक्षात आलं. 

"पण आता उशीर झाला," दत्ता म्हणाला. "सोमवारी सही आहे. आणि पुढे चालवणार कोण?"

"मी," निधी म्हणाली.

"तू?"

"मी आणि डोरीन. आम्ही सहा महिन्यांपूर्वी सगळं मांडून ठेवलंय. फक्त नावाचं अडत होतं. रुपेशलाही माहीत आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, बाबा! तुम्ही सरळ गिऱ्हाईक शोधलंत."

"या घराण्यात रोगच आहे हा," चारुलता म्हणाली. "सरिता, आपण दोघींनी वेळीच दुसरीकडे बघायला हवं होतं."

 दत्ता मुलीकडे बघत होता, फायलींकडे बघत होता. मग मान ताठ करून म्हणाला, "अकरा माणसांची पोटं आहेत. दादाच्या तोंडी शब्दावर मी कंपनीला नाही म्हणणार नाही. अण्णांचा दंडक. कागदावर विचारलंय, कागदावर उत्तर पाहिजे. माझ्या घरी, पोस्टानं."

"काका, तुम्ही समोर बसला आहात!" शर्वाणी म्हणाली.

"मी इथे मुलीच्या केळवणाला आलोय. पत्र लेस्टरला पाठवलं होतं मी, उत्तर लेस्टरला यायला हवं." पण त्याचे डोळे हसत होते. त्यानं फोन उचलला, गॅलरीत गेला आणि काचेतून त्याचं इंग्लिश ऐकू आलं. सही सोमवारी नाही, घरचं एक पत्र यायचं आहे, ते आल्याशिवाय नाही. आठवडा लागेल, कदाचित दोन. पोस्टाचं काय सांगावं?

परत येऊन तो म्हणाला, "चौकातल्या पेटीतलं टपाल किती वाजता उचलतात?"

"शनिवारी सव्वातीनला," नरेंद्रराव म्हणाले. या पेटीची वेळ ते चार वर्षं रोज वाचत आले होते.

तीनला दहा कमी होते. चारुलतानं ताटं सरकवून जागा केली. सरितानं कागद आणला. शर्वाणीनं पेन्सिल काढून घेतली आणि पेन हातात दिलं. "बाबा, कच्चं लिहायचं नाही. थेट पक्कं." दत्ता उठून पाठ फिरवून खिडकीशी उभा राहिला. पत्र पोचायच्या आधी वाचायचं नसतं.

नरेंद्ररावांनी तारीख घातली. मग मायना. मग पेन थांबलं. त्यांना 'तथापि' सुचत होतं. 'तत्पूर्वी' सुचत होतं. एकेचाळीस पत्रांतली सगळी वाक्यं दाराशी येऊन उभी राहिली. स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब पडला.  आणि मग त्यांनी लिहिलं,

'चि. दत्तास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. नाव छाप. शंकरपाळे पुन्हा सुरू कर, सही मी करीन. पत्ता खाली दिला आहे. पाकिटाबद्दल कुणाला काही विचारायचं असेल, तर खुशाल मला लिहू दे. मी उत्तर देईन. तुझा, दादा.'

पाकीट तयारच होतं. दोन हजार एकवीसमध्येच त्यावर लेस्टरचा पत्ता घालून तिकीट चिकटवून ठेवलं होतं. मधे दर वाढले होते, म्हणून निधीनं शेजारी आणखी दोन तिकिटं चिकटवली. तीन वाजून सहा मिनिटांनी सगळे निघाले. सरिता घाईत चारुलताच्या चपला घालून आली होती आणि चारुलता तिच्या हाताला धरून चालत होती. दोघींचं पुन्हा एकदा एकाच वेळी बोलणं सुरू झालं होतं. सायकलवरून जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी, निधी नव्या साडीची घडी खांद्यावर टाकून धावतेय हे बघून घंटी वाजवली.

पिवळ्या पेटीपाशी नरेंद्रराव थांबले. पत्ता वाचला. पुन्हा वाचला. लेस्टरचा पिनकोड एकेक अक्षर करून तपासला. दत्ता चार पावलांवर, बेकरीच्या काचेतल्या पावांकडे मोठ्या रसानं बघत उभा होता. त्यानं मागे वळून पाहिलं नाही आणि घाईही केली नाही.

कोपऱ्यावर टपालाची पिवळी गाडी वळली.

नरेंद्ररावांनी पाकीट अर्धं आत सरकवलं, बोटांनी ते अजून धरलेलं होतं, आणि मग बोटं सोडली.

"टाकलंस?" दत्तानं पावांकडे बघतच विचारलं.

"टाकलं."

"काय लिहिलंयस?"

"कळेल," नरेंद्रराव म्हणाले, "पोचल्यावर."